खासनिसांची शतपावली

शतपावली म्हणजे शंभर पावलं. एकशे एक नव्हेत आणि नव्व्याण्णवही नव्हेत. छत्तीस वर्षं विमा कंपनीत घालवलेल्या उमाकांत खासनिसांना याबद्दल कधी शंका आली नव्हती. रात्री आठला पानावर बसायचं, साडेआठला हात धुवायचे, मग दिवाणखान्याच्या दारापासून मागच्या गॅलरीपर्यंत पंचवीस पावलं, परत पंचवीस, आणि हेच आणखी एकदा. झालं आरोग्य. त्यानंतर ते जे आरामखुर्चीत बसत, ते थेट झोपायला उठत. दुपारच्या जेवणानंतरही हाच नेम होता, फक्त आरामखुर्चीच्या जागी वामकुक्षी असे.

म्हणूनच डॉ. अनुयाने "व्यायाम करता का, काका?" असं विचारलं तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "रोज. दोन्ही जेवणांनंतर. एक दिवस चुकत नाही."

अनुया जयपुरातच वाढलेली. वडील इथल्या विद्यापीठात शिकवायला आले आणि इथलेच झाले, त्यामुळे तिचं मराठी हिंदीचा हात धरून चाले.

"किती चालता?"

"शतपावली."

"मतलब किती?"

"शंभर."

"शंभर मिनिटं?" अनुयाच्या डोळ्यांत आदर दिसला.

"पावलं," उमाकांत म्हणाले.

अनुयाने पेन खाली ठेवलं. समोर रिपोर्ट होता. तीन महिन्यांची सरासरी साखर सात पूर्णांक नऊ. तिने समजावून सांगितलं की जेवल्यावर साखर रक्तात चढायला लागते, तासाभरात माथ्यावर जाते, आणि नेमकी त्याच वेळी काका खुर्चीत असतात. तेव्हाच जर पंधरा-वीस मिनिटं पाय चालले, तर पायांचे स्नायू ती साखर वापरून टाकतात. "शंभर पावलांत काका, तुमचे स्नायू फक्त जागे होतात. आणि जागे झाले की तुम्ही त्यांना परत झोपवता." गोळी आहे तीच चालू ठेवू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं ती म्हणाली. तीन महिने म्हणजे जुलै ते ऑक्टोबर. जयपुरात जुलै उजाडला की हलवाई घेवर तळायला बसतात, हे ती डॉक्टर असल्यामुळे विसरली असावी.

एवढ्यावर हे प्रकरण थांबलं असतं. पण विभाताईंनी तो रिपोर्ट पुण्याला मुलाच्या फोनवर पाठवला. रात्री अभिजितचा चेहरा पडद्यावर उगवला.

"बाबा, मतलब, हे असं नाही चालणार. तुम्ही तिथे एकटे, कोणी बघायला नाही. तीन महिने देतो. सातच्या खाली आलं तर ठीक. नाही आलं तर तुम्ही आणि आई इकडे, माझ्याकडे. ते घर किरायाने देऊन टाकू."

"भाड्याने," उमाकांतांनी दुरुस्ती केली.

"तेच ते."

यातली गंमत अशी की सांगलीचं मराठी उमाकांतांनी जयपुरात एकतीस वर्षं लोणच्यासारखं जपलं होतं, आणि पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा अजून रिक्षावाल्याला 'भैया' म्हणत होता. पण त्या रात्री त्यांना गंमत वाटली नाही. अभिजितचं घर चौदाव्या मजल्यावर. गेल्या वर्षी ते दोघं तिथे महिनाभर राहिले होते. त्या महिन्यात त्यांच्याशी आपणहून बोललेला माणूस एकच, खालचा वॉचमन, आणि तोही निघाला बस्सीचा! जयपूरपासून तासाभरावरच्या गावचा माणूस पुण्यात भेटला म्हणून उमाकांत रोज दोनदा खाली उतरत. आदर्श नगरातली ही गल्ली सोडून, जिथे पेपर आणायला निघालं तरी चार जण 'खासनीस साब' म्हणून हात जोडतात ती गल्ली सोडून, त्या चौदाव्या मजल्यावर कायमचं जाऊन बसायचं, या विचाराने त्यांच्या घशाला कोरड पडली. ती साखरेमुळेही असेल म्हणा.

आता एखाद्याने सरळ गल्लीतल्या लोकांना सांगितलं असतं की बाबांनो, मला मधुमेह आहे. पण इथे खासनिसांची अब्रू आडवी आली. मागच्याच होळीला समोरच्या सुखदेवजी खंडेलवालांच्या बैठकीत त्यांनी दहा जणांपुढे व्याख्यान दिलं होतं. "तुमचं हे तूप, ह्या मिठाया! आमच्याकडे बघा. भाकरी, भाजी, आणि जेवल्यावर शतपावली. आमच्यात साखर-बिखर काही नसते." सुखदेवजींनी हात जोडून ते मान्य केलं होतं आणि त्यांच्या हातात गुजिया ठेवली होती. त्या तोंडाने आता काय सांगायचं? तेव्हा ठरलं की रोग गुप्त ठेवायचा आणि इलाज मात्र उघड्यावर करायचा. इथेच सगळं बिनसलं.

उमाकांतांनी गल्लीत गुळमुळीत प्रश्न टाकला, "सहज विचारतो, तब्येतीसाठी चालायला कोणती वेळ चांगली?" भारतात हा प्रश्न सहज विचारता येत नाही. सुखदेवजी म्हणाले, "पौ फटने से पहले, साब. एकदम खाली पेट." गल्लीच्या टोकाच्या माथुर मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना उत्तर अर्धवट सोडायची सवय नाही. त्या म्हणाल्या, जेवणानंतर चालणं हे तर पोटावर अत्याचार. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडावं, असं वैद्यकात स्पष्ट आहे. उमाकांतांना दुसरा सल्ला फार शास्त्रशुद्ध वाटला. चार दिवस त्यांनी तो मनापासून पाळला, वामकुक्षी अर्ध्या तासाने वाढवली, आणि पाचव्या दिवशी साखर मोजायचं मशीन विभाताईंनी त्यांच्यापुढे धरलं तेव्हा त्यांनी आकडा बघून मशीनकडेच संशयाने पाहिलं.

मग पहाटेचा प्रयोग. साडेपाचला बोट टोचलं, एकशे बेचाळीस. तासभर सुखदेवजींच्या मंडळींबरोबर बागेला झपाझप फेऱ्या मारल्या, घाम निघाला, घरी येऊन पुन्हा टोचलं. एकशे अडुसष्ट! माणूस तासभर चालतो आणि साखर वर जाते, म्हणजे हा शुद्ध विश्वासघात होता. सकाळी सात वाजता त्यांनी अनुयाला फोन लावला.

"होतं असं कधी कधी, काका," ती जांभई देत म्हणाली. "तुम्ही उपाशी निघालात ना, तर लिव्हरला वाटतं मालक रिकाम्या पोटी कामाला चाललेत. ते आपल्याकडची साखर काढून देतं. डबा बांधून देतं समजा."

"मी मागितला नव्हता डबा."

"लिव्हर विचारत नाही, काका. सकाळी चाला, वाईट नाही ते. पण तुमचा आकडा चढतो जेवणानंतर. जेवून उठलात की पंधरा मिनिटं. दोन्ही वेळा. बाकी कोणाचं ऐकू नका."

शिवाय त्या पहाटेच्या मंडळींचा आणखी एक घोळ होता. त्यांची सातवी फेरी बागेत संपत नसे, ती कोपऱ्यावरच्या कचोरीच्या कढईपाशी संपे. 'इतना चले हैं तो इतना बनता है' हा त्या गटाचा ठराव होता आणि उमाकांत त्याला तीन वेळा अनुमोदन देऊन बसले होते. विभाताईंनी शर्टावरची चटणी बघितली, आणि पहाट बंद झाली.

राहिलं जेवणानंतरचं. दुपारी उन्हात कुठे जाणार, म्हणून आधी रात्रीचं बघू असं त्यांनी ठरवलं. ही पळवाट होती, हे त्यांनाही कळत होतं. पण साडेआठला टॉर्च घेऊन बागेपाशी गेले तर फाटकाला कुलूप. बाग आठला बंद. जेवण एक तास अलीकडे घ्यावं तर विभाताईंचे पेटीचे ऑनलाइन वर्ग साडेसातपर्यंत. सात मुली आणि एक आजोबा यांना अर्ध्या रागात सोडून त्या भाजीला फोडणी घालणं शक्य नव्हतं.

तेव्हा उमाकांतांनी कॉलनीच्या विकास समितीकडे अर्ज केला. ते स्वतः जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवत आले होते, त्यामुळे अर्ज कसा निर्दोष असावा हे त्यांना ठाऊक. तीन प्रती, मध्ये फेऱ्यांचा नकाशा. समितीचे सचिव गोयलसाहेब यांनी तो नाकावर चष्मा सरकवत वाचला.

"प्रयोजन लिहिलंय 'भोजनोपरांत भ्रमण'. ऐसा प्रावधान नहीं है, खासनीस साब. प्रातःभ्रमण आहे, सायंभ्रमण आहे. भोजनाचा बागेशी संबंध आला की खानपान निषेधाचा नियम लागतो."

"पण मी बागेत जेवणार नाही. जेवून येणार."

"तेच तर. आपने भोजन किया है, इसका प्रमाण क्या?"

आपण एकदा एका विधवा बाईंकडे त्यांचा नवरा वारल्याचा तिसरा दाखला मागितला होता, हे उमाकांतांना त्या खुर्चीत बसून आठवलं आणि त्यांनी मनातल्या मनात त्या बाईंची माफी मागितली. समितीने प्रश्न गंभीरपणे घेतला. उपसमिती नेमली. उपसमितीच्या ध्यानात आलं की आठ ही वेळसुद्धा कुठे लिहून ठेवलेली नाही. तेव्हा निर्णय होईपर्यंत बाग साडेसातलाच बंद करावी, असं एकमताने ठरलं. पुढचे पंधरा दिवस कॉलनीतल्या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी ज्या नजरेने खासनिसांकडे पाहिलं, त्या नजरेने त्यांच्याकडे नोकरीतही कोणी पाहिलं नव्हतं.

मग उरली गल्ली. दोन्ही बाजूंना मिळून अकरा घरं. टोकाला माथुर मॅडमचं फाटक. जाऊन येऊन चार मिनिटं, चार फेऱ्या केल्या की काम भागतं. हिशेब बिनचूक होता. फक्त गल्ली जयपूरची आहे, हे त्यात धरलेलं नव्हतं.

मराठी माणूस 'नको' म्हणाला की विषय संपतो. यजमान 'घ्या हो' म्हणतो, पाहुणा 'नको, खरंच नको' म्हणतो, आणि लाडवाची ताटली परत आत जाते. दोघांनाही हायसं वाटतं. जयपुरात याच्या उलटं. इथे पाहुण्याने नको म्हटलं की यजमानाच्या कामाला सुरुवात होते. त्याला मनुहार म्हणतात. पहिला नकार म्हणजे पाहुणा सुसंस्कृत आहे. दुसरा नकार म्हणजे त्याला खूप हवंय. तिसऱ्या नकाराला घास तोंडात घालायचा. एकतीस वर्षांत हे उमाकांतांना कळलेलं होतं, पण कळूनही जीभ सांगलीचीच राहिली.

पहिल्या रात्री सुखदेवजी ओट्यावरच होते. "अरे, खासनीस साब! पैदल? पधारो, पधारो."

"नहीं नहीं, खाना खाकर निकला हूँ."

"खाना खा लिया, तो मीठा ही तो बाकी रहा!" आणि घेवर आला. दुधाचा, वर रबडी. सुखदेवजींच्या पत्नी दाराआडून म्हणाल्या, "भाईसाब, सावन में घर के आगे से सूखे मुँह नहीं निकलते." उमाकांतांनी मान हलवली, हात आडवा धरला, दोन पावलं मागे सरकले. गल्लीच्या भाषेत याचा अर्थ असा झाला की एका तुकड्याने भागणार नाही. आणि पानात पडलेलं टाकू नये, ही आईची शिकवण. ती त्यांनी सहासष्टाव्या वर्षीही मोडली नाही.

तिथून सुटले तर पुढच्या घरी मालपुवा. माथुर मॅडमच्या फाटकाशी तर खुद्द मॅडम. "सुखदेवजी के यहाँ खाया, और हमारे यहाँ से ऐसे ही?" यात अपमानाची धमकी होती. रात्री साडेदहाला मशीनने दोनशे अठ्ठेचाळीस दाखवले. विभाताई म्हणाल्या, "अहो, घरात बसून शतपावली करत होता तेव्हा बरं होतं की. चालून चालून मराल अशाने."

त्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. हेल्मेट घालून चालून बघितलं. दुसऱ्याच फाटकापाशी "खासनीस साब, स्कूटर खराब हो गया क्या? आओ, बैठो, ठंडा-मीठा लो." गच्चीवर चालून बघितलं. आदर्श नगरातल्या गच्च्या एकमेकींना इतक्या चिकटून, की कठड्यावरून वाटी आली. शेवटी त्यांनी एक धाडसी बेत आखला. जिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही अशा भागात जायचं. जेवण झाल्याबरोबर स्कूटर काढायची आणि पार सोडाला भागात जाऊन चालायचं. जयपूरच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे, रहदारीतून, अर्धा तास. तोपर्यंत साखर माथ्यावर जाऊन बसलेली असायची, पण निदान बसून तिची वाट तरी बघत नव्हते.

सोडाल्यात पहिले दोन दिवस स्वर्ग होता. कोणी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी चपलांच्या एका दुकानातून एक गृहस्थ धावत बाहेर आले आणि त्यांनी भर रस्त्यात उमाकांतांच्या पायांना हात लावला. "साब! पहचाना नहीं? बनवारीलाल! आपने मेरे बाबूजी का क्लेम पास कराया था!" उमाकांतांना आठवत नव्हतं. त्यांनी जन्मभरात जे थोडे क्लेम हसत पास केले, त्यांतला एक नेमका सोडाल्यात राहत असावा, हे नशीब. बनवारीलाल त्यांना घरी घेऊन गेला. सबंध कुटुंब ओळीने उभं राहिलं. म्हाताऱ्या आईने स्वतःच्या हाताने चुरम्याचा लाडू भरवला आणि डोळे पुसले. त्या लाडवाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. उमाकांतांनी दोन खाल्ले, आणि खरं सांगायचं तर त्यांचेही डोळे भरून आले. मशीनवर दोनशे छप्पन्न.

सप्टेंबर उजाडला. अभिजितने एक फोटो पाठवला. चौदाव्या मजल्यावरची खोली, नवा पलंग, पलंगाला बाबांच्या गुडघ्यांसाठी उंच गादी, खिडकीला निळा पडदा. खाली लिहिलं होतं, 'रूम रेडी आहे'. पोराने प्रेमाने केलं होतं, म्हणून तर रागावताही येईना. उमाकांत तो फोटो बराच वेळ बघत बसले. मग फोन उपडा ठेवून म्हणाले, "विभा, तिथे पेटी कुठे ठेवशील गं?"

विभाताई पेटीवरचा रुमाल सारखा करू लागल्या. त्यांनाही जायचं नव्हतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं एवढंच. तेवढ्यात बेल वाजली. सुखदेवजी दारात, हातात घेवराचा डबा, कारण दोन दिवस खासनीस साब गल्लीत दिसले नव्हते. विभाताईंनी डबा घेतला, तिपाईवर ठेवला, आणि पदर खोचून सरळ सांगून टाकलं.

"भाईसाब, इनको शुगर है. दो साल से. बढ़ गई है. अक्टूबर तक नीचे नहीं आई, तो अभिजित हमें पूना ले जाएगा. हमेशा के लिए."

"अगं!" उमाकांत ओरडले. छत्तीस वर्षांची सेवा, होळीचं व्याख्यान, भाकरी-भाजीची थोरवी, सगळं एका वाक्यात वाहून गेलं. सुखदेवजी हसतील, निदान मिशीतल्या मिशीत, याची त्यांनी वाट पाहिली. सुखदेवजी हसले नाहीत. त्यांनी तिपाईवरचा डबा उचलला, काखेत मारला, "जय श्री कृष्ण" म्हणाले आणि गेले. एकतीस वर्षांत त्या घरात आलेला खाऊ परत गेला, तो हा पहिला.

"दुखावले ते," उमाकांत म्हणाले. रात्रभर त्यांना तेच खात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून, हात पुसत ते वामकुक्षीच्या दिशेने निघाले असताना बेल वाजली. दारात सुखदेवजी. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री.

"चलो साब."

"कहाँ?"

"घूमने."

"नहीं नहीं, धूप है. आज रहने दो," उमाकांत म्हणाले. आणि शब्द तोंडातून सुटताक्षणी त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. हा पहिला नकार होता.

सुखदेवजींचा चेहरा खुलला. "अजी, ऐसे कैसे? छाता लाया हूँ. बस, एक चक्कर. मेरे कहने से."

ती एक फेरी झाल्यावर पुढच्या घरातले शर्माजी फाटकात उभे. "सुखदेवजींच्या सांगण्यावरून एक केलीत, मग आमच्या घरची?" ती झाली. टोकाला माथुर मॅडम, हातात घड्याळ. त्यांनी आपलं डाव्या कुशीचं वैद्यक अनुयाला फोन करून, पाऊण तास वाद घालून, लेखी मागे घेतलं होतं. "ग्यारह मिनट हुए हैं. डॉक्टरनी ने पंद्रह कहा है. खासनीस साब, हमारा मान नहीं रखोगे?" उमाकांतांनी हात जोडले, कपाळावरचा घाम दाखवला, पायाकडे बोट केलं. जितकं नको म्हणावं तितक्या फेऱ्या वाढल्या. त्या दिवशी पंधराऐवजी चौतीस मिनिटं झाली. वामकुक्षी गेली ती गेलीच.

पुढे हा गल्लीचा उद्योगच झाला. दुपारी पावणेदोन आणि रात्री साडेआठ. पाऊस आला तर शर्माजींचा पोर्च. कोणाकडे पाहुणे आले तर पाहुण्यांनाही फेरीत घेत. "ये खासनीस साब हैं, इनकी शुगर उतार रहे हैं," अशी ओळख करून देत, आणि ज्या गुपितासाठी उमाकांतांनी सोडाल्यापर्यंत स्कूटर पिटाळली ते गुपित आता भाजीवाल्यालाही ठाऊक होतं. तोही "आज कितनी आई, बाऊजी?" असं विचारून मगच दुधी तोलायचा. आधी त्यांना फार लाज वाटली. मग असं लक्षात आलं की अकरा घरांतल्या सहांत मशीन आहे. सुखदेवजींकडे तर दोन. सगळेच लपवत होते आणि एकमेकांना घेवर चारत होते. उपसमितीचा अहवालही आला: गोयलसाहेबांची स्वतःची साखर एकशे नव्वद निघाल्यावर बाग रात्री साडेनऊपर्यंत उघडी ठेवण्यास प्रावधान सापडलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी अभिजित आला. सामान हलवणाऱ्यांचे दोन दर विचारून आला होता. रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच हाती पडला होता. सहा पूर्णांक आठ. उमाकांतांनी तो मुद्दाम फोनवर सांगितला नव्हता. बोलायचं काय ते गेले तीन आठवडे पाठ करून ठेवलं होतं. सुरुवात 'हे बघ अभिजित, माणूस म्हणजे सामान नव्हे' अशी होती आणि पुढे तर फारच छान होतं.

पण आधी जेवण. पोरगा जेवला तो बघण्यासारखा. आईच्या हातच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. "आई, तिकडे मतलब सगळं बाहेरचंच असतं गं. रात्री अकराला जेवतो, लॅपटॉप समोर." मग तो सोफ्यावर पसरला आणि फोन छातीवर घेऊन पडून राहिला. उमाकांतांनी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, उठून बसला, बाबांकडे बघितलं. "सिक्स पॉइंट एट? बाबा, कमाल आहे! खरंच कमाल आहे." त्याचा आनंद इतका खरा होता की पाठ केलेल्या भाषणाचं पहिलं वाक्य उमाकांतांना आठवेना.

भाषणाऐवजी त्यांनी प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. तोवर जेवणाला तास होऊन गेला होता. अभिजितच्या स्वागतासाठी गल्लीने त्यांना त्या दुपारी तासाभराची सवलत दिली होती. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं. एकशे एक्कावन्न. "बघितलंस? न चालता, श्रीखंड खाऊन! आता तुझं बघू. आण बोट. घाबरतोस काय, चौतीस वर्षांचा घोडा तू."

अभिजितने हसत बोट पुढे केलं. मशीनने पाच आकडे उलटे मोजले आणि दाखवलं: दोनशे एकतीस.

"मशीन गडबड आहे," अभिजित म्हणाला.

दुसरं बोट. दोनशे सत्तावीस.

विभाताई हातातली वाटी तशीच धरून उभ्या होत्या. जिंकल्यावर माणसाला काहीतरी व्हायला पाहिजे, पण उमाकांत नुसते आकड्याकडे बघत राहिले. स्वतःच्या सात पूर्णांक नऊकडेही त्यांनी एवढा वेळ पाहिलं नव्हतं. हा मुलगा चौदाव्या मजल्यावर एकटा, रात्री अकराला लॅपटॉपसमोर जेवतो, आणि तिथे त्याच्या दारावर बेल वाजवायला कोणी नाही. त्याने आपल्यासाठी खोली सजवली होती, आणि त्याची चौकशी करायचं आपल्याला एकदाही सुचलं नव्हतं.

"उद्या सकाळी उपाशीपोटी अनुयाकडे," विभाताई म्हणाल्या. "आधी नीट तपासू. एका बोटावरून काही ठरत नाही." त्यांचा आवाज मात्र ठरल्यासारखा होता.

तेवढ्यात बेल वाजली. सवलत संपली होती. दारात सुखदेवजी, मागे शर्माजी, त्यांच्या मागे माथुर मॅडम. विभाताईंनी मशीन तसंच उचलून त्यांच्यापुढे धरलं. सुखदेवजींनी आकडा बघितला, मग अभिजितकडे, मग पुन्हा आकड्याकडे.

"इसका?"

"इसका."

"चलो बेटा," सुखदेवजी हळूच म्हणाले. "बस, एक चक्कर."

"नहीं अंकल, आज नहीं," अभिजित म्हणाला. "थकलोय खूप. सफ़र से आया हूँ."

तिघांचे चेहरे उजळले. उमाकांतांना वाटलं, पोराला सावध करावं. इथे वाढला आणि हे विसरला. पण त्यांनी तसं काही केलं नाही. ते खाली वाकले, गुडघे कुरकुरले, आणि सोफ्याखालून त्यांनी अभिजितचे बूट ओढून काढले. नाड्या सैल केल्या. बूट त्याच्या पायांपाशी ठेवले.

"बाबा, तुम्ही नका ना. मी घालतो."

"घाल मग."

ऊन तिरपं झालं होतं. बाकीचे चार पावलं पुढे गेले, मुद्दामच गेले असावेत. बापलेक मागून चालत होते. तिसऱ्या फेरीला अभिजितने विचारलं, "बाबा, तुमचा रिपोर्ट आला तेव्हा, तुम्हाला भीती वाटली होती का?"

एरवी उमाकांत म्हणाले असते, छे, भीती कसली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जिवाचे आकडे मांडले, आपला एक आला तर काय मोठं.

"होय की," ते म्हणाले. "फार वाटली."

"मला पण वाटतेय."

उमाकांतांनी त्याचा हात धरला. तो दुसरी-तिसरीत असताना शाळेच्या फाटकापर्यंत धरायचे, तसा नाही. आता हात मोठा होता आणि घामेजला होता. मग दोघं माथुर मॅडमच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथून परत वळले.